टोकेकरांचा प्रताप

सेहेचाळीस सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. नृसिंहराव टोकेकर संध्याकाळी एक कुत्रा घेऊन घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, “याला मी शिस्त लावणार आहे.”

“आधी पाय धुवा,” पुष्पावतीबाई आतून म्हणाल्या. मग बाहेर आल्या, दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सगळे. सहाच्या सहा.”

कुत्रा दीडएक वर्षाचा, अंगानं तपकिरी, पाठीवर काळा, कान उभे. भिंगारच्या कँपात एका गोऱ्या कॅप्टनाकडे तो वाढला होता. लढाई संपली होती, कँप रिकामा होत होता, कॅप्टन बोटीवर चढायला मुंबईला निघून गेला होता आणि त्याचा खानसामा दानीएल मागे राहिलेल्या वस्तू ओळखीपाळखीच्या लोकांत वाटत होता. नृसिंहराव खरं म्हणजे लिहायच्या मेजासाठी गेले होते. मेज सकाळीच कोणीतरी नेलं होतं. खुर्च्या गेल्या होत्या, कंदील गेला होता. कुत्रा उरला होता. दानीएल त्याला म्हणाला, “ड्यूक, सिट,” आणि कुत्रा बसला.

नृसिंहराव थक्क झाले. त्यांच्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या सांगण्यावरून आजवर कोणी बसलं नव्हतं की उठलं नव्हतं. नगरच्या एका सरकारी कचेरीत ते रेकॉर्ड सांभाळत. तिथला पट्टेवाला त्यांना तिसऱ्या हाकेला पाणी आणून देई, तेही ‘आणतच होतो’ असं म्हणून. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली होती आणि तिथून पत्रं आईच्या नावानं पाठवत होती. राहता राहिल्या पुष्पावतीबाई. त्या कधी उलट बोलत नसत. फक्त ऐकत नसत. अशा माणसाला एका शब्दासरशी बसणारा प्राणी दिसल्यावर मेजाची काय कथा!

“साहेब, एक ध्यानात ठेवा,” दोरी हातात देताना दानीएल म्हणाला. “यानं ऐकलं की बिस्कुटाचा तुकडा द्यायचा. बिस्कुट नसलं तर भाकरीचा द्या. ओरडायचं नाही. मनानं फार हळवा आहे हा.”

वाटेत नृसिंहरावांनी या सल्ल्याचा विचार केला आणि तो नापास केला. काम करून घेण्यासाठी आधी किंवा नंतर काही देणं याला सरकारी भाषेत एकच शब्द आहे. नृसिंहरावांनी पंचवीस वर्षांच्या नोकरीत कधी लाच घेतली नव्हती. कोणी देऊ केली नव्हती हे खरं, पण म्हणून घेतली नव्हती हे खोटं ठरत नाही. आणि आता स्वतःच्याच घरात, एका कुत्र्याला, त्यानं बसावं म्हणून लाच द्यायची? तेही रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळण्याच्या दिवसांत?

तोफखाना भागातल्या त्यांच्या आळीत नवी वस्तू आली की शेजारी ती पाहायला येत आणि नावं ठेवून जात. सगळ्यांत आधी आले भिंतीला भिंत लागून राहणारे शामकांतमास्तर. मास्तरांना पेन्शनीत निघून चार वर्षं झाली होती, पण त्यांच्या छडीची कीर्ती अजून ताजी होती. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक मोठे होऊन मामलेदार झाले तरी रस्त्यात मास्तर दिसले की नकळत हात मागे लपवत.

कुत्र्याला हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यानं आनंदानं उडी मारली आणि पुढचे दोन्ही पाय मास्तरांच्या धुतलेल्या धोतरावर ठेवले.

“अस्सं,” मास्तर म्हणाले. “डोक्यावर चढवून ठेवलंय वाटतं. नाव काय?”

“ड्यूक.”

“ड्यूक? स्वराज्य दाराशी आलंय नृसिंहराव, आणि तुम्ही घरात ड्यूक बांधता? प्रताप म्हणा.”

नृसिंहरावांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ड्यूकचा प्रताप झाला. अडचण एवढीच, की ही बदली कुत्र्याला कोणी कळवली नाही. नृसिंहराव “प्रताप!” म्हणून हाक मारत आणि कुत्रा मान वळवून मागे बघे, की हा प्रताप म्हणून जो कोणी आहे तो येतोय का. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी आपली वेताची, तेल पाजलेली छडी भेट म्हणून आणून दिली आणि कुत्र्याला आयुष्यातला पहिला तडाखा बसला. गुन्हा काय, तर जे नाव आपलं आहे हे सांगण्यातच आलं नव्हतं त्या नावाला ओ दिली नाही.

कुत्रा ओरडला नाही. त्यानं छडीकडे पाहिलं, मग नृसिंहरावांकडे पाहिलं आणि शेपूट हलवलं. काहीतरी चूक झाली असावी आणि ती चूक आपण मनावर घेत नाही, असा त्याचा भाव होता.

“बघा, हसतोय,” मास्तर म्हणाले. “आणखी एक द्या.”

मधे चार दिवस बिल्ल्याच्या खटपटीत गेले. गावात कुत्रं पाळायचं तर त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला हवा आणि बिल्ल्याला अर्ज हवा. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि परत सरकवला. “जातीपुढे ‘अल्सेशियन असावा’ लिहिलंय. असावा चालत नाही. आहे की नाही ते लिहा.” दुसऱ्या खेपेला नृसिंहरावांनी ‘आहे’ लिहिलं, तर मालकाची सही आणि तारीख यांत वेगळी शाई निघाली. नृसिंहराव चकार शब्द बोलले नाहीत. याहून किरकोळ कारणांवरून त्यांनी स्वतः माणसं पार अकोले तालुक्यापर्यंत परत पाठवली होती. तिसऱ्या खेपेला बिल्ला मिळाला आणि प्रताप कायद्यानं त्यांचा झाला.

मग शिस्त सुरू झाली. मास्तरांची पद्धत साधी होती. चुकला की छडी. गुन्हा ज्या वेळी सापडेल त्या वेळी शिक्षा. म्हणजे सकाळी प्रतापनं नृसिंहरावांची वहाण चावली आणि ती संध्याकाळी दिसली, तर संध्याकाळी त्याला बोलवायचं, वहाण नाकासमोर धरायची आणि द्यायची. प्रताप, ये! प्रताप आनंदानं येई. सट्! दिवसाकाठी असं तीनचारदा झाल्यावर प्रतापनं त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. वहाणेचा आणि छडीचा संबंध त्याच्या ध्यानात आला नाही. ‘ये’ या शब्दाचा आणि छडीचा मात्र पक्का आला.

“अहो, तो भितोय तुम्हांला,” पुष्पावतीबाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी सहा पाय धुवायला लावणाऱ्या या बाईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कुत्रा आता दुपारभर पडून असे, आणि त्या पोळी लाटता लाटता त्याच्याशी सोलापूरच्या गोष्टी बोलत.

“भय हाच शिस्तीचा पाया आहे,” नृसिंहराव म्हणाले. वाक्य मास्तरांचं होतं.

एका रविवारी सकाळी प्रतापला फिरवायला ते दिल्ली दरवाज्याबाहेर गेले. तिथे दोरी सुटली. सुटली म्हणजे नृसिंहरावांनीच सोडली. कचेरीतले हेडक्लार्क समोरून येत होते आणि आपला कुत्रा दोरीविना कसा मागे चालतो हे त्यांनी पाहावं अशी इच्छा होती. प्रताप वीस पावलांवर जाऊन एका खांबाचा वास घेत उभा राहिला.

“प्रताप, ये!”

ते दोन शब्द कानावर पडताच प्रतापनं मान वर केली, शेपूट पोटाखाली घातलं आणि तो पळत सुटला. नृसिंहराव मागे धावले. “ये! ये म्हणतो ना! ये!” प्रत्येक ‘ये’बरोबर कुत्र्याचा वेग वाढत होता. डोक्यावरची टोपी हातात आली, उपरणं एका टांग्याच्या दांडीला अडकून टांग्याबरोबर गेलं. हेडक्लार्क खांबापाशी उभे राहून बघत होते. सोमवारी कचेरीत या प्रसंगाचं साभिनय वर्णन झालं आणि पट्टेवाल्यानं ते पुन्हा पुन्हा करवून घेतलं.

कुत्रा गेला तो थेट कँपात. नृसिंहराव घामाघूम होऊन नाक्यावर पोचले तेव्हा शिपायानं पास विचारला.

“माझा कुत्रा आत गेलाय.”

“पासशिवाय आत जाता येत नाही.”

“मग तो कसा गेला?”

“त्याला पास विचारता येत नाही,” शिपाई म्हणाला.

शेवटी निरोप गेला आणि दानीएल बाहेर आला. त्यानं नृसिंहरावांना आत नेलं. कॅप्टनाच्या बंगल्याची दारं बंद होती, बागेत पानं साचली होती. रिकाम्या व्हरांड्यात, साहेबाची खुर्ची असायची त्या जागेशेजारी, प्रताप बसला होता.

नृसिंहरावांना पाहताच तो आणखी आत सरकला.

“याला ‘ये’ म्हणून बोलावून मारलंत का, साहेब?” दानीएलनं विचारलं.

“चुकला तर मारायला नको?”

“मारायला नकोच. पण मारायचंच होतं तर उठून त्याच्यापाशी जायचं होतं. बोलावून मारलं तर तो परत कशाला येईल? तुम्ही आला असतात?”

सरकारी कारकुनाला एका खानसाम्यानं असं विचारावं! दानीएलनं गुडघ्यावर बसून, हळू आवाजात “ड्यूक” म्हटलं. कुत्रा पोटावर सरपटत आला आणि त्यानं तोंड त्याच्या कुशीत खुपसलं. त्या क्षणी नृसिंहरावांना जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणता आलं असतं. परंतु घरी येईपर्यंत त्या पश्चात्तापाचा अपमान बनला होता. आपल्या बिल्ल्याचा कुत्रा दुसऱ्याच्या कुशीत शिरतो! त्या दिवशी प्रतापला सगळ्यांत जास्त मार बसला.

यानंतर प्रताप गुरगुरायला लागला. छडी कोपऱ्यातून उचलली, की त्याच्या घशातून खोल, चाकावर दगड घासल्यासारखा आवाज येई.

“हा उर्मटपणा,” मास्तर म्हणाले. “वर्गात पोरं अशीच पुटपुटतात. पुटपुटणं मोडलं की पोरगं मोडलं.”

रोज सकाळी भिंगारहून सूर्यभान गवळी दूध घालायला येई. म्हशींपाशी त्याची तीन कुत्री असत. चरवी खाली ठेवून त्यानं हा प्रयोग पाहिला आणि त्याला राहवलं नाही.

“मालक, गुरगुरल्याबद्दल नका हानू.”

“का?”

“आवो, गुरगुरतंय म्हंजी त्ये सांगतंय तुमाला, की मला भ्या वाटतंय, लांब ऱ्हावा. लई इमानी काम हाय त्ये. गुरगुरनं बंद झालं ना, मग भ्यायचं. मग कळायचं न्हाई कवा चावंल.”

“तू दुधात पाणी किती घालायचं तेवढं बघ,” नृसिंहराव म्हणाले.

सूर्यभाननं चरवी उचलली. “पानी घालतो त्ये दिसतंय तरी,” तो जाता जाता म्हणाला.

आठ दिवसांत गुरगुरणं थांबलं. भुंकणंही थांबलं. दारावरून बैल जावोत, भिकारी जावोत, प्रताप गप्प. ‘बस’ म्हटलं की तो बसत नसे, जमिनीला चिकटून आडवा होई आणि डोळे मिटून घेई. पुष्कळदा त्याच्याखाली ओलंही होई. नृसिंहरावांनी याचा अर्थ आदर असा लावला. देवळात माणसं साष्टांग घालतात, तेव्हा त्यांना कोणी ‘नीट बस’ म्हणतं का?

आणि मग त्यांनी चिटणीस रावसाहेबांना चहाला बोलावलं.

रावसाहेब म्हणजे कचेरीतले सगळ्यांत मोठे देशी साहेब. कारकुनाच्या घरी ते सहसा जात नसत, पण दिल्ली दरवाज्याबाहेरची हकीकत त्यांच्याही कानावर गेली होती आणि त्यांना तो कुत्रा पाहायचा होता. पुष्पावतीबाईंनी बेसनाचे लाडू केले. मास्तर कोरं धोतर नेसून, जणू वार्षिक तपासणी आहे अशा थाटात येऊन बसले. जाजमावर मधोमध प्रताप.

नृसिंहरावांनी छडी उचलली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बस.”

प्रताप कोसळल्यासारखा आडवा झाला. रावसाहेबांनी त्याला हाक मारली, कान ओढला, त्याच्या नाकासमोर लाडू धरला. कुत्रा हलला नाही, की त्यानं डोळा उघडला नाही.

“वा!” रावसाहेब म्हणाले. “टोकेकर, याला म्हणतात शिस्त. कचेरीत अशी चार माणसं मला मिळाली तर!”

नृसिंहरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी त्यांना सर्वांसमक्ष चांगलं म्हटलं होतं. साहेबांना टांग्यापर्यंत पोचवायला ते आणि मास्तर गेले आणि टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले.

आत पुष्पावतीबाई कपबश्या गोळा करत होत्या. प्रताप अजून तसाच पडून होता. त्याच्याखालचं जाजम ओलं झालं होतं आणि त्याचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. बाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, “पुरे झालं हे.” भिंतीला टेकवलेली छडी त्यांनी उचलली. मोडून चुलीत घालावी, एवढाच विचार होता.

प्रतापनं डोळे उघडले तेव्हा त्याला बाई दिसल्या नाहीत. छडी हातात घेतलेलं माणूस दिसलं. तो गुरगुरला नाही, भुंकला नाही, त्यानं दातही आधी दाखवले नाहीत. त्यानं सरळ झडप घातली आणि बाईंचा उजवा हात तोंडात धरला.

नृसिंहरावांना किंकाळी दारात ऐकू आली. ते धावत आत आले तेव्हा बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, पदर रक्तानं भिजला होता, आणि प्रताप आपणहून खाटेखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता.

कचेरीत कायदा असा, की आधी नोटीस दिल्याशिवाय कोणाची शेळीसुद्धा जप्त करायची नाही. नोटिशीच्या स्थळप्रती नृसिंहराव वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवत आले होते. कुत्र्याची नोटीस असते हे त्यांना एका गवळ्यानं सांगितलं होतं. ती त्यांनी छडीनं बंद केली होती, आणि जप्ती मात्र व्हायची ती झाली होती. हे सगळं त्यांना टांग्यातून दवाखान्यात जाताना एकदम कळलं. अशा गोष्टी टांग्यातच का कळतात कोण जाणे.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, टाके घातले आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील असं सांगितलं, रोज एक. कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवा, म्हणाल्या. मधल्या दोन बोटांच्या शिरा दुखावल्या होत्या. ती बोटं पुढे नीट मिटतील का, ते त्यांनाही सांगता येईना.

चौदा दिवस नृसिंहराव सकाळी बायकोला टांग्यातून नेत आणि आणत. चौदा दिवस त्यांनी स्वयंपाक केला. पुष्पावतीबाई त्यांना एका शब्दानंही बोलल्या नाहीत आणि त्यांच्या पिठल्यालाही नाव ठेवलं नाही, त्यामुळे त्यांना फारच भीती वाटू लागली. कचेरीत रावसाहेब सर्वांसमक्ष म्हणाले, “ज्याला एक कुत्रं सांभाळता येत नाही तो रेकॉर्ड काय सांभाळणार?” चारच दिवसांपूर्वीचं ‘वा’ कोणाला आठवत नव्हतं.

आळीनं मात्र प्रतापला दोषी ठरवून टाकलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, साहेबाची अवलाद, बेइमान. मास्तरांनी एक अर्ज लिहिला, की हे जनावर गोळी घालून नष्ट करण्यात यावं. तेरा जणांनी सही द्यायचं कबूल केलं. पण मास्तरांचं अक्षर आता कापत असे आणि आळीत सगळ्यांत सुवाच्य अक्षर नृसिंहरावांचं. तेव्हा मास्तर तो मसुदा घेऊन त्यांच्याकडेच आले.

“शुद्ध नक्कल तेवढी करून द्या, नृसिंहराव. तुमच्या हातचं कलम असलं की वर नजरेत भरतं.”

नकार देणं नृसिंहरावांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात नक्कल सुरू केली. ‘सदरहू कुत्रा जन्मतःच दुष्ट व कृतघ्न असून, त्यास मालकाने उत्तम शिस्त लावली असताही, त्याने मालकाच्या पत्नीस विनाकारण...’

टाक थांबला.

समोर पुष्पावतीबाई बसल्या होत्या. डाव्या हातानं त्या तांदूळ निवडत होत्या. उजवा हात पांढऱ्या पट्टीत मांडीवर ठेवला होता. त्या वर बघत नव्हत्या. खाटेखालून साखळीचा आवाज आला. प्रताप पाणी प्यायला उठला होता, पण नृसिंहरावांना पाहून पुन्हा खाली बसला.

नृसिंहरावांनी आजवर हजारो कागदांची नक्कल केली होती आणि एकाही कागदातला एकही शब्द बदलला नव्हता. ‘विनाकारण’वर त्यांनी आडवी रेघ मारली.

“हे काय करता?” मास्तर म्हणाले.

“चूक आहे इथं. कारण होतं.”

“कसलं कारण?”

“मी त्याला महिनाभर मारलं, मास्तर. बोलावून मारलं. गुरगुरला म्हणून मारलं. त्या दिवशी हिच्या हातात छडी दिसली त्याला. तुमची.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. “माझ्या छडीला दोष देता? पस्तीस वर्षं मारलं मी पोरांना! माझ्या पोटच्या तिघांनाही सोडलं नाही. त्यांतला एकही आजवर माझ्या अंगावर आला नाही!”

“आले नाहीत,” पुष्पावतीबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. “निघून गेले.”

मास्तरांचा थोरला कराचीला होता, मधला नागपूरला, आणि धाकटा कुठे होता ते आळीत कोणालाच माहीत नव्हतं. मास्तरांना असेल असं सगळे धरून चालत. तिघांपैकी कोणाचं पत्र आलेलं पोस्टमननं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. मास्तर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग उठले, अर्ज तिथेच ठेवून, भिंतीला हात लावत लावत आपल्या घरात गेले. नंतर त्यांनी तो अर्ज मागितला नाही.

दहा दिवस झाले, प्रतापला काही झालं नाही. तो पिसाळलेला नव्हता. तो नुसता भ्यालेला होता, आणि त्यावर डॉक्टरीणबाईंकडे इंजेक्शन नव्हतं. पुष्पावतीबाई म्हणत होत्या कुत्रा घरातच राहील. पण नृसिंहराव घरात आले की तो खाटेखाली जाई आणि ते कचेरीत जाईपर्यंत बाहेर येत नसे, अन्नालाही शिवत नसे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी सूर्यभान म्हणाला, “माज्याकडं द्या बाईसाहेब. म्हशींत ऱ्हाईल, इसरंल.” आणि तो त्याला भिंगारला घेऊन गेला.

तेव्हापासून दर रविवारी पुष्पावतीबाई भाकरी बांधून भिंगारला जात. नृसिंहराव बरोबर असत, कारण एका हातानं बाईंना टांग्यात नीट चढता येत नसे. पहिल्या रविवारी दोघं गोठ्यापाशी पोचली, तर प्रताप म्हशीच्या पोटाखाली जाऊन लपला.

सूर्यभान डोकं खाजवत म्हणाला, “मालक, राग मानू नका. तुमी जरा त्या बाभळीमागं हुबं ऱ्हाता का? तुमी दिसला की त्ये खात न्हाई.”

नृसिंहराव बाभळीमागे जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारीही राहिले, आणि त्याच्या पुढच्याही. तिथून गोठ्यातलं दिसत नसे, ऐकू मात्र येई. पुष्पावतीबाईंचा आवाज यायचा, “ड्यूक, बस. बसला माझा बाबा. हं, घे.” मग भाकरी चावल्याचा आवाज. मग कधीकधी भुंकणं; मोकळं, मोठं, आनंदाचं. त्यांच्या घरात तो पहिल्या दोन दिवसांनंतर तसा भुंकला नव्हता.

माघातल्या एका रविवारी कचेरीचे हेडक्लार्क आपल्या मेव्हण्याला पोचवून त्या वाटेनं परतत होते. भर उन्हात, काटेरी झाडाच्या हातभर सावलीत, कोट-टोपी घालून, बायकोची छत्री काखेत धरून उभे असलेले नृसिंहराव त्यांना दिसले. त्यांनी टांगा थांबवला.

“काय हो टोकेकर, इथं काय करताय?”

“काही नाही. उभा आहे.”

“ते दिसतंय. पण असं झाडामागं? कोणी उभं केलंय तुम्हांला?”

उद्या कचेरीत याचं काय होणार हे नृसिंहरावांना स्पष्ट दिसत होतं. पट्टेवाल्याचे दातही दिसत होते. गोठ्यातून भाकरी चावल्याचा आवाज येत होता. मोठ्यानं बोललं तर तो थांबेल, म्हणून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“कुत्र्यानं,” ते म्हणाले. “आणि जरा हळू बोला. जेवतोय तो.”